तांब्या आणि हिरवी बादली

आमच्या घराला खिडक्या चार आहेत, पण मी खिडकी म्हणते ती एकच, स्वयंपाकघरातली. बाकीच्या नुसत्या उघडायच्या आणि लावायच्या. या एका खिडकीपुढं मात्र मी भाकरी थापत, दूध वर यायची वाट बघत, कधी काहीच न करता, सारी उमर उभी राहिले आहे. आता घरात मी एकटीच. मालक गेले, मुलगा अमेरिकेत. येणारी-जाणारी म्हणतात, टीव्ही लावत जा, तेवढाच आवाज. लावते की. पण टीव्हीतली माणसं आपल्याकडं बघत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

खिडकीबाहेर एक मोकळा प्लॉट होता. मी नवरी होऊन बदनापुरात आले तेव्हा तिथं ज्वारी उभी असायची. पुढं कापूस आला. मंग शेतवाल्यानं प्लॉट पाडले, कोपऱ्याकोपऱ्यात दगड रोवले, आणि कित्येक वर्षं तिथं गाजरगवताशिवाय काही उगवलं नाही. त्या गवतातून एक पायवाट होती. ती कोणी मुद्दाम केलेली नव्हती. माझ्या आणि बाईच्या पायांनी झाली होती.

बाई म्हणजे प्लॉटच्या पलीकडच्या घरातली. शाळेत शिकवायची म्हणून सारं गाव तिला बाई म्हणतं. मी पण बाईच म्हणते, फक्त आधी 'अगं' लावते. तिचे मालक रेल्वेत होते, तेही आता नाहीत. मुलगी पुण्याला. तिचं घर जरा उंचवट्यावर आहे, त्यामुळं तिचा ओटा माझ्या खिडकीतून ताटात वाढल्यासारखा समोर दिसायचा. सकाळचं ऊन आधी तिच्या कठड्यावर पडायचं, मंग तिच्या दारात, मंग तिच्यावर.

सुरुवातीला आमचं बोलणं चोरूनच होतं. बाई बौद्ध समाजाची, आणि माझ्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्यांच्या घरी जायचं नाही आणि त्यांना आपल्या चुलीपाशी आणायचं नाही, असं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. मी मान हलवली. पण सासूबाई रानात गेल्या की मी खिडकीत पितळी तांब्या ठेवायची. बाईनं तो पाहिला की ती ओट्याच्या कठड्यावर आपली हिरवी बादली पालथी घालायची. म्हणजे पाहिलं, येते. मंग पायवाटेनं यायची, चुलीपाशीच बसायची, आणि त्याच तांब्यातलं पाणी प्यायची.

येताना पेपर आणायची. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. किराणाच्या पुड्या सोडून त्यांच्या कागदावरून अक्षरं लावायला माझी मीच शिकले होते. बाईनं नुसत्या चुका काढल्या. पण काय चुका काढायची! मी अडखळले की भाकरी थापतानाच माझ्या मनगटावर टिचकी मारायची.

"वेलांटी कुणी खाल्ली?"

"मीच खाल्ली, भूक लागल्ती."

सासूबाई गेल्या, तसं लपवायचं कारण राहिलं नाही. तरी तांब्या आणि बादली राहिली. सकाळी मी उठले की तांब्या खिडकीत, ती उठली की बादली कठड्यावर. अर्थ तेवढा बदलला. आता त्याचा अर्थ, उठले, बरी हाय. असं आम्ही कधी बसून ठरवलं नव्हतं. दोघींचे मालक गेल्यावर ते आपसूकच तसं झालं.

कोणी म्हणेल, फोन का नाही करत? बाईला ऐकू येत नाही. कानातलं यंत्र मुलीनं आणून दिलं, ते डबीत घालून तिनं देवळीत ठेवलं आहे. म्हणते, त्यात आपलंच जेवण चावल्याचा आवाज येतो.

एका सकाळी बादली दिसली नाही. मी चहा टाकला, पुन्हा बघितलं, नव्हती. गॅस बंद केला आणि गवतातून तशीच गेले. बाई न्हाणीत पडली होती, खुब्याचं हाड मोडलेलं. मला बघून काय म्हणाली असेल? "किती येळ लावला गं." जालन्याला नेलं, ऑपरेशन झालं, काठी आली, पण बाई उठली. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत तशीच राहिली असती तर अवघड होतं. तेव्हापासून मी त्या बादलीकडं नुसती बघत नव्हते, तिच्यावर टेकून उभी राहत होते म्हणा.

आणि मंग प्लॉट विकला गेला.

घेणारा हसनाबादकडचा तरुण, जालन्यात नोकरीला. माणूस चांगला, बायकोही चांगली, थोडी तोंडाळ, पण तोंडाळ माणसं मनानं चांगलीच असतात. दोघं एका संध्याकाळी पेढे घेऊन आले. तो म्हणाला, "मावशी, पूजेला आम्ही दोघं बसतो, पण पायाचा नारळ तुमच्या हातानं फुटला पाहिजे. गल्लीत वडीलधाऱ्या तुम्हीच."

मी म्हणाले, "अरे, सवाष्ण बघ कोणीतरी. माझं कपाळ दिसत न्हाई का तुला?"

बायको म्हणाली, "असलं आम्ही मानत न्हाई मावशी. तुम्ही यायचं म्हंजे यायचं."

काय सांगू! मालक गेल्यापासून कुणाच्या शुभकार्यात मला पुढं बोलावलं नव्हतं. हळदीला मागं, ओटीला मागं, जेवायला तेवढी पुढं. त्या दिवशी मी पेटीतलं इरकल काढलं. दगडावर नारळ असा आपटला की एका घावात दोन भकलं, पाणी त्या पोरीच्या नव्या साडीवर. सगळे हसले, मी पण हसले. दिवसभर माझ्या हाताला नारळाचा वास होता. खोबऱ्याचा तुकडा घेऊन मी बाईकडं गेले. तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं की हे पायाभरणीचं आहे.

दुसऱ्या दिवशी गवंडी आले. त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, पांढऱ्या फक्कीनं रेघा मारल्या. मी खिडकीतून बघत होते आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या नजरेपुढं दोरी बराबर बाईच्या ओट्याला आडवी गेली होती. आता तिथं भिंत येणार. प्लॉटवर घर होणार हे मला काय माहीत नव्हतं? होतं. पण घर म्हणजे भिंत, आणि भिंत म्हणजे बादली दिसणार नाही, एवढा हिशेब त्या मानाच्या नारळात मी विसरूनच गेल्ते.

मी बाईकडं जाऊन बसले. तिला सगळं हातवारे करून सांगितलं. तिला कळलं तशी ती फिसकन हसली.

"नारळ सोताच फोडला, आन् आता रडून राह्यली."

"मला काय म्हाइत, तो माझ्याच खिडकीवर फुटतोय!"

"खोबरं तरी गोड होतं," बाई म्हणाली.

ज्याच्या पायाभरणीला आपण नारळ फोडला त्याच्या भिंतीला आडवं जायचं कसं? आमच्याकडं असं कोणी करत नाही. त्यानं मान दिला होता, मी तो दोन्ही हातांनी घेतला होता. भांडायचा रस्ता तिथंच बंद झाला. पण विचारायला काय हरकत, असं म्हणून मी नगरपंचायतीत गेले. बांधकामाचं बघणारा साहेब पोरगेलासा होता. त्यानं मला खुर्ची दिली.

"आजी, कोणती तक्रार हाय?"

"तक्रार न्हाई बाबा. शेजारी घर बांधून राह्यलाय, बांधू दे. पर मला पलीकडचं दिसत राहावं, असा काही नियम हाय का तुमच्याकडं?"

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. एक नकाशा पुढं ओढून बोट फिरवायला लागला. बाजूला एवढी जागा सोडायची, ती हवेसाठी. मागं एवढी सोडायची, उजेडासाठी. आग लागली तर माणसाला फिरता यावं म्हणूनही.

"आन् नजरेसाठी?"

"नजरेसाठी न्हाई, आजी."

"मोजता येत न्हाई म्हणून का?"

तेव्हा मात्र तो हसला. मला चहा पाजला. उठताना म्हणाला, "मागची जागा खरी मोकळी सोडायची असती. पर लोक तिथंच संडास-बाथरूम काढतात. सगळेच काढतात."

येताना मला राग नव्हता. उलट बरं वाटत होतं की माझ्या हवेचा आणि उजेडाचा कुणीतरी विचार करून ठेवला आहे. नियम लिहायला बसलेल्या माणसांनी माणसाला काय काय लागतं ते एकेक करून आठवलं असेल. पलीकडचं माणूस त्यांच्या आठवणीतून सुटलं असेल, एवढंच.

रविवारी मुलाचा व्हिडिओ फोन आला, त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "आई, आमच्याकडं आहे असा नियम." त्याचं घर टेकडीवर आहे. तिथं म्हणे कोणाला नवं घर बांधायचं असलं तर आधी तेवढ्या उंचीचे खांब उभे करावे लागतात, त्यांना पताका बांधतात. मंग शेजारी आपापल्या खिडकीतून बघतात, आणि ज्याचा देखावा अडत असेल तो तसं सांगू शकतो.

मला फार नवल वाटलं. "तुझ्या खिडकीतून काय दिसतं रे?"

"डोंगर. आणि लांबवर पाणी."

"माणूस?"

तो फोन घेऊन खिडकीपाशी गेला असावा, कारण पडद्यावर नुसता उजेड आला. "माणूस नाही दिसत, आई," तो म्हणाला.

पण ते खांब माझ्या डोक्यात राहिले. दुसऱ्या दिवशी मी नव्या शेजाऱ्याला तांब्या-बादलीचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "बाबा, घर बांध. फक्त आधी बांबू उभे करून दाखव." तो माझ्याकडं बघतच राहिला. बायको म्हणाली, "मावशी, अमेरिकेचा कायदा बदनापुरात?" पण त्यानं केलं. गवंड्याकडचे बांबू घेतले, बायकोच्या जुन्या लाल साडीच्या चिंध्या बांधल्या, आणि घराचे कोपरे उभे करून दाखवले. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "हळद कुणाची हाय?" बायको खालूनच ओरडायची, "मावशीची!"

मी खिडकीत. तो बांबू धरून प्लॉटमध्ये. पलीकडं बाई ओट्यावर काठी टेकून, बादली हातात, काय चाललं आहे त्याचा तिला बिलकुल पत्ता नाही.

"मावशी, दिसतं का?"

"न्हाई!"

"आता?"

"तुझी बायको दिसती!"

सरकत सरकत तो मागच्या कोपऱ्यात गेला. तिथं त्यानं बाथरूम धरलं होतं, पार कुंपणाला टेकवून, सगळे धरतात तसं. तो बांबू त्यानं आत घेतला, आणि मला फटीतून बाईच्या कठड्याचं टोक दिसलं. नुसतं टोक. हातभर. पण तिथं बादली बसली असती.

मी ओरडले, "तिथंच थांब!"

त्यांच्यात दोन दिवस काय बोलणं झालं मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी गवंड्यानं फक्कीची रेघ पुसून नवी मारली. मागची जागा त्यानं नियमात होती तेवढी सोडली. बाथरूम आत आलं, त्यानं स्वयंपाकघर खाल्लं. बायको मला म्हणाली, "तुमच्या बादलीपायी माझा फ्रीज बाहेरच्या खोलीत बसला, मावशी. पाहुणे आले की आधी फ्रीजला नमस्कार करतील." बोलली खरी, पण तिनं पुन्हा ते काढलं नाही. असं दुसऱ्यासाठी आपलं स्वयंपाकघर कमी करणारी पोरगी मी तरी पाहिली नव्हती.

भिंत चढायला लागली. विटांचा एकेक थर यायचा आणि बाई खालून वर अशी जायची. आधी तिच्या पायऱ्या गेल्या. मंग तिचे पाय. मंग काठी धरलेला हात. एका सकाळी तिचं नुसतं डोकं भिंतीवर ठेवल्यासारखं दिसत होतं. मी हात केला. तिनं केला असेल तर तो भिंतीमागं होता. दुपारी गवंडी जेवून आले आणि त्यांनी पुढचा थर घेतला.

पायवाट पण गेली. आता तिच्याकडं जायचं म्हणजे स्टेशनच्या रस्त्यानं वळसा घालून जायचं, आणि माझे गुडघे त्याला रोज कबूल होत नाहीत.

मी बाईला बादलीची नवी जागा शिकवायला गेले. कठड्याच्या टोकाला नेऊन उभी केली, तिथं एक वीट ठेवली. "आता इथं ठेवायची. इथं. तिथं न्हाई."

"ढ समजती का मला?" ती म्हणाली. "साऱ्या गावाला शिकवलं मी."

मंग चहाला बसलो. तिनं साखर घातली, ढवळली, डबा लावला, पुन्हा उघडला आणि पुन्हा घातली. मी तसाच गोड चहा प्यायले.

दुसऱ्या सकाळी मी खिडकीत तांब्या ठेवला आणि फटीतून बघितलं. वीट दिसत होती. बादली नव्हती. पदर खोचून स्टेशनच्या रस्त्यानं निघाले, गुडघ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दिलं. बाई ओट्यावर बसून गवार मोडत होती. बादली कठड्यावर पालथी होती, जुन्या जागी, अगदी मधोमध. समोर नव्या घराची भिंत.

"अगं बाई, टोकाला सांगितली होती ना!"

"काय?"

"बादली! टोकाला!"

"ठेवली की," तिनं बोटानं दाखवलं. "रोज ठेवते."

मी ती उचलून विटेपाशी ठेवली. तिनं मान हलवली. पुढच्या सकाळी वीट पुन्हा एकटीच. मी पुन्हा गेले. असं किती दिवस केलं, ते सांगत बसत नाही. तिची मुलगी फोनवर म्हणाली, "काकू, आईचं आता असंच राहणार. जुनं सगळं आहे तिच्यात, नवं राहत नाही." मुलगी चांगली आहे, तिला पुण्याला न्यायला बघते. बाई म्हणते, "माझी बादली कोण ठेवील?"

वास्तुशांतीला शेजारच्या पोरीनं मला ओढून मागच्या मोकळ्या जागेत नेलं. "बघा मावशी, एक डबा पण ठेवला न्हाई इथं. दिसती ना तुमची बादली?"

मी म्हणाले, "दिसती की."

दुसरं काय म्हणणार? तिचा फ्रीज बाहेरच्या खोलीत होता.

आता गुडघे बरे असतील त्या दिवशी मी जाते. नसतील त्या दिवशी खिडकीत उभी राहते. ती जिथं बादली ठेवते तिथं माझी नजर पोचत नाही, आणि माझी नजर पोचते तिथं नुसती वीट आहे. दुपारी तिच्याकडं कामवाली येते. तिनं मला मिस कॉल द्यायचा असं ठरलं आहे. तो येईपर्यंतची सकाळ फार लांब असते. भाकरी होते, भांडी होतात, तरी ती उरतेच.

परवा गेल्ते तेव्हा बाईला सहज विचारलं. सहज म्हणजे ओरडूनच.

"माझा तांब्या दिसतो का गं तुला?"

तिनं समोर बघितलं. समोर शेजाऱ्याची भिंत, नवीन पिवळा रंग दिलेली, त्यावर उन्हाची तिरीप. तिच्या ओट्यावरून, ती बसते तिथून, माझी खिडकी दिसायचं काही कारणच नाही.

"दिसतो की," ती म्हणाली. "रोज दिसतो."

"कसा दिसतो?"

"कसा म्हंजे? पितळी." आणि मंग बाईनं माझ्या मनगटावर टिचकी मारली. "पर आजकाल तू घासत न्हाईस. काळा पडलाय."

घरी येऊन पाहिलं तर खरंच काळा पडला होता. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता मी तो रोज संध्याकाळी चिंचेनं घासते, पुसून कोरडा करते आणि उजाडलं की खिडकीत ठेवते. तिला रोज दिसतो, मंग घाण कसा ठेवायचा.